गोड, मचूळ, खारं

नानांकडे काम घेऊन जायचं तर दोन वस्तू लागत. एक अर्ज आणि दुसरी आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली. अर्ज नसला तर चालायचं, नाना तोंडी ऐकून घेत. बाटली नसली तर माणूस परत जाई, मग तो तलाठ्याकडे खेपा घालून थकलेला असो की मुलाच्या दाखल्यासाठी आलेला.

नाना आमदार होते, आणि त्यांच्या ओटीवर मांडलेल्या त्या बाटल्यांचा अर्थ बाहेरच्या माणसाला लागत नसे. नव्यानेच बदलून आलेल्या एका फौजदाराने एकदा त्यातली एक उचलून हुंगली. नाना जन्मभर दारूबंदीच्या बाजूने बोललेले. तरी ते रागावले नाहीत. म्हणाले, "नुसतं हुंगून कळत नाही, साहेब. घोट घ्या." फौजदाराने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "लिही. खारं. साक्षीदार, फौजदार."

लिहिणारी मी. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि आमचा वसई तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. मी सकाळच्या शाळेत शिकवायचे. नानांची पत्रं त्यांचा पुतण्या लिहायचा, पण त्याचं अक्षर मंत्रालयात कुणाला लागेना. माझं अक्षर आमच्या चर्चच्या फलकावर आसपासच्या सगळ्या गावांनी वाचलेलं होतं. म्हणून नाना आमच्या घरी आले, वडिलांना भेटायला. मुलींनी घराबाहेर नोकरी करू नये हे त्यांचं जाहीर मत होतं, ते सभेत सांगत आणि त्याला टाळ्याही पडत. "तुमची मुलगी दुपारची मोकळी असते ना?" त्यांनी विचारलं. वडील म्हणाले, "तिलाच विचारा." मी समोरच बसले होते. नाना दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले, "असते का मोकळी?" चौकटीच्या वतीने मी हो म्हटलं.

बसायचं कुठे हा प्रश्न होता. ओटी पुरुषांची, आतलं घर बायकांचं. नानांनी टेबल उंबऱ्यावर ठेवलं. दोन पाय ओटीवर, दोन आत. ओटी खाली असल्यामुळे टेबल कलायचं, तेव्हा बाहेरच्या पायांखाली फणसाच्या लाकडाचे ठोकळे घातले. खुर्ची आतल्या बाजूला. त्यामुळे मी घरात बसले असं नानांना म्हणता येई, आणि अर्जदाराचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येई. सात वर्षं मी तशी बसले.

पहिल्या आठवड्यात मी नियमांची पाटी लिहून लावली. बाटली रॉकेलची नको. राखेने घासलेली हवी. पाणी त्याच दिवशी सकाळी काढलेलं हवं. गळ्याला दोऱ्याने चिठ्ठी हवी. मग एक जाड वही आणून रकाने आखले: नाव, गाव, विहीर कुठे, काम काय, चव. नानांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "चवीचा रकाना मोठा ठेवायचा होतास." तो मोठा ठेवायची गरज नव्हती. त्यांचे शब्द तीनच असत. गोड, मचूळ, खारं. मचूळ म्हणजे ज्याला समुद्र नुकताच शिवला आहे असं.

नाना झोपाळ्यावर बसत. पितळी पेल्यात पाणी घेत, डोळे मिटत, घोट तोंडात फिरवत. गोड असेल तर गिळत. नसेल तर उठून ओटीच्या कडेला जाऊन जास्वंदीच्या मुळाशी थुंकत. त्यामुळे निकाल त्यांच्या बोलण्याआधीच कळे. बाकावरची माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत नसत, गळ्याकडे बघत. घाटी हलली की बाकावर कुणीतरी श्वास सोडायचा.

इतर बाबतींत नाना इतके जुन्या वळणाचे होते, की त्यांनी कोणाच्याही घरचं पाणी प्यावं हे त्यांच्या भावकीला अजिबात पटत नसे. ख्रिस्ती, कोळी, आदिवासी, सगळ्यांच्या बाटल्या एकाच रांगेत. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, तो पितळी पेला वेगळ्या कोनाड्यात ठेवला होता. "पेला वेगळा ठेवाल," नाना म्हणाले, "तोंड कुठे वेगळं ठेवू?"

ते केळीवाल्या घरातले. शिक्षण जुन्या सातवीपर्यंत. तरुणपणी पानवेलीची राखण केली, मग सरपंच झाले, मग तालुक्याला गेले आणि तिथून विधानसभेत. हे सगळं विहिरीमुळे झालं असं ते सांगत. सरपंच असताना त्यांनी एका भांडणात दोन्ही बाजूंच्या विहिरींचं पाणी प्यायलं आणि कुणाच्या पंपामुळे पाणी बिघडतंय ते सांगितलं. ते खरं निघालं. पुढे लोक मतं द्यायला लागले.

सभागृहात ते क्वचित उठत, आणि उठले की सुरुवात ठरलेली असे: "माझा विरोध आहे. कारण मागाहून सांगतो." त्यांचा विरोध कशाकशाला होता त्याची यादी मी एकदा केली होती. मोठ्या पंपांना. टँकरना. बागायती जमीन बिनशेती करण्याला. मुलामुलींच्या एकत्र सहलींना. सिनेमाच्या फलकांना. बायकांनी हातात घड्याळ घालण्याला. माझ्या घड्याळाकडे बघून ते वेळ मात्र विचारत. आणि सगळ्यात मोठा विरोध पूर्वेच्या डोंगराकडून नळाने पाणी आणायच्या योजनेला.

मुंबईला जाताना ते फिरकीच्या तांब्यात आपल्या विहिरीचं पाणी नेत. तिथलं पाणी वाईट असतं असं ते म्हणत नसत. म्हणत, "नळाच्या पाण्याला गाव नसतं." चिठ्ठी न वाचता ते सांगू शकत, हे कामणकडचं, ह्यात दगड आहे, हे बागेतलं, ह्यात पालापाचोळा आहे. नळ आला की विहिरीकडे कोण बघणार, हा त्यांचा मुद्दा होता. विहिरीकडे बघायचं थांबलं की तीवर पंप बसेल, पंपाचं पाणी टँकरमधून तुळिंजच्या नव्या चाळींना जाईल, आणि गोडं पाणी उपसून रिकाम्या झालेल्या जागेत समुद्र शिरेल. स्वतःच्या वाडीत त्यांनी पंप बसवलाच नाही. बैलाचा रहाट चालू ठेवला. मी पत्रं लिहीत असताना मागच्या वाडीतून त्याची करकर ऐकू यायची. रहाट विहिरीची ताकद ओळखून पाणी काढतो, पंपाला ते कळत नाही, असं ते प्रत्येक पत्रात घालायला लावत. मी प्रत्येक पत्रातून ते एकदा गाळे. ते पुन्हा घालत.

मचूळ म्हटल्यावर उपायही तेच सांगत: महिनाभर उपसा बंद. एका टँकरवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो चिडून पाण्याचा नमुना सरकारी तपासणीला घेऊन गेला. तिथूनही नानांच्याच बाजूचं उत्तर आलं. महिनाभर पंप बंद राहिला आणि पाणी सुधारलं. तेव्हापासून त्यांच्या जिभेवर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती.

अपवाद काकींचा. ती जीभ त्यांना रोज भोगावी लागे. आमटीत मीठ जास्त, भाजीत कमी, आजचा तांदूळ कालच्या पाण्यात शिजवलास. रोज काहीतरी असेच. एका वर्षी गणपती झाल्यावर नानांना आठ दिवस ताप आला. त्यातून उठले आणि त्यांनी जेवणाला नावं ठेवायचं सोडलं. दिवाळीच्या सुमारास काकी मला चहा देताना हळूच म्हणाल्या, "तापाने माणूस सुधारला गं, बाय." मी हसले. ते मी वहीत लिहायला हवं होतं.

त्याच दिवसांत नळयोजना मंजुरीपर्यंत आली. पहिल्या टप्प्यात कोणती गावं घ्यायची यावर आमदाराचं मत मागवलं होतं. नानांनी पुष्कळ विचार करून एक कसोटी ठरवली. जिथली विहीर मेली आहे तिथे नळ द्यावा. जिथली जिवंत आहे तिथे देऊ नये. म्हणजे ज्या गावाच्या नावापुढे वहीत खारं, तेच गाव यादीत. यादी सोमवारी मुंबईला जायची होती.

शनिवारी दुपारी चार बायका आल्या. नायगावच्या पलीकडे खाडीला लागून मिठागरात राबणाऱ्यांचा एक पाडा होता, तिथल्या. त्यांची पुढारी मथुराबाई, चाळिशीची, उन्हाने रापलेली. त्यांच्या पाड्यात एकच विहीर. प्यायचं पाणी त्या दोन कोसांवरून डोक्यावर आणत. बाटलीला चिठ्ठी नव्हती, लिहिणारं कोणी नव्हतं; ती मी लिहिली. मथुराबाई म्हणाली, "नाना, पानी पिववत नाय आता. आमचा नाव यादीत घाला."

नानांनी घोट घेतला, डोळे मिटले. आणि गिळला.

"गोड," ते म्हणाले.

मथुराबाईला वाटलं ते थट्टा करताहेत. ती हसली. म्हणाली, "आनखी एकदा घ्या, नाना." त्यांनी पुन्हा घेतला. पुन्हा गिळला. "मी पाण्याची थट्टा करत नाही. चांगली विहीर आहे तुमची. सांभाळा तिला."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मथुराबाई उठली, पदर खोचला. आवाजात राग नव्हता. "मंग आमचीच जीभ गेली असंल," ती म्हणाली, आणि त्या निघाल्या. मी रकान्यात गोड लिहिलं.

संध्याकाळी उरलेलं पाणी जास्वंदीला ओतून बाटल्या धुऊन ठेवणं हे माझं काम. सात वर्षांत त्यातलं पाणी मी कधी तोंडाला लावलं नव्हतं. चाखणं माझ्याकडे नव्हतं. त्या दिवशी मी त्या बायकांच्या बाटलीतला घोट घेतला. तो घशाखाली उतरला नाही. बाटलीला बूच लावून मी ती टेबलाखाली ठेवली आणि वही घेऊन घरी गेले.

रविवारी मिस्साहून आल्यावर मी वही उघडली आणि फक्त शेवटचा रकाना मागे मागे वाचत गेले. गणपतीच्या आधी एकही पान असं नव्हतं जिथे खारं किंवा मचूळ नाही. गणपतीनंतर एकही पान असं नव्हतं जिथे ते आहे. ताप आला त्या आठ दिवसांची जागा कोरी होती, आणि तिच्या पुढे सगळ्या तालुक्याचं पाणी गोड झालं होतं.

सुट्टीच्या दिवशी मी कधी जात नसे. मला पाहून नाना झोपाळ्यावरून म्हणाले, "आज काय?" त्यांना काय सांगावं याचा वाटेत मी विचार केला होता, पण जमेना. मी वही उघडून गणपतीनंतरचा शेवटचा रकाना वाचायला लागले. गोड. गोड. गोड. पहिलं पान त्यांनी नुसतं ऐकलं. दुसऱ्या पानाला झोपाळा थांबला. तिसरं अर्धं झालं तेव्हा ते म्हणाले, "पुरे."

मग आत हाक मारली, "मीठ आण."

काकींनी मिठाचं भांडं आणलं. नानांनी एक जाड खडा उचलून जिभेवर ठेवला. थोड्या वेळाने दुसरा. खडीसाखर चघळावी तसे ते चघळत बसले. काकी दारात उभ्या. मग त्यांनी ते गिळलं. त्यांची घाटी हलली, ते आम्ही दोघींनी पाहिलं. काकींनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

"त्या बायकांची बाटली ओतलीस?"

"नाही."

"चाख."

"काल चाखली, नाना."

"माझ्यासमोर चाख."

मी घोट घेतला, ओटीच्या कडेला गेले आणि थुंकले. "खारं," मी म्हटलं.

"लिही."

मी कालचा शब्द खोडायला पेन टेकवलं. ते म्हणाले, "खोडू नकोस. खोडलंस तर मी तसं बोललोच नव्हतो असं होईल. त्याच्याखाली लिही. आणि चाखणाऱ्याचं नाव लिही."

मी माझं नाव लिहिलं. त्या वहीत ते पहिल्यांदाच आलं.

सोमवारची यादी त्या पाड्याचं नाव घालून गेली. गणपतीनंतर ज्यांनी ज्यांनी पाणी आणलं होतं त्या सगळ्यांना परत बाटल्या आणायचा निरोप गेला, कारणासकट. नाना ते कारण लपवणार नव्हते; माझी जीभ गेली, असं त्यांनी पत्रात तसंच लिहायला लावलं. उंबऱ्यावरचं टेबलही हललं. "बाहेर घे," एवढंच म्हणाले. ठोकळे काढले, टेबल ओटीवर सरळ उभं राहिलं.

पुढच्या आठवड्यात ते खाडीकाठच्या पाड्यात स्वतः गेले. मी वही घेऊन बरोबर होते. विहिरीपाशी बायका जमल्या. नाना मथुराबाईला म्हणाले, "तुमची जीभ शाबूत आहे. माझी गेली." तिने तांब्या आणून दिला. नानांनी सगळा संपवला आणि विचारलं, "हे कसं आहे?"

"गोड हाय, नाना," ती म्हणाली. "दोन कोसांवरचा हाय."

बाटल्या परत आल्या तेव्हा जे निघालं ते नानांच्या गावकऱ्यांना आवडणारं नव्हतं. पश्चिमेकडच्या बागांतल्या कितीतरी विहिरी मचूळ झाल्या होत्या. नानांनी गावसभेत ती पानं मला वाचायला लावली. माझ्या जिभेवर कोणी बोललं नाही, नानांवर सगळे बोलले. नळाला विरोध करणारा माणूस नळाच्या यादीवर सही करतो. आता नळ आला की इमारती येणार. पंप बंद करायला सांगतो ते कोणत्या तोंडाने. यातली इमारतींची गोष्ट नानांनाही मान्य होती. "येतील," ते म्हणाले. "पण त्या भीतीने मिठागरातल्या बायकांना खारं पाणी पाजायचं का?"

निवडणूक लागली. प्रचाराच्या फेरीत एका हॉटेलात कोणीतरी नानांच्या चहात साखरेऐवजी मीठ घालून दिलं. दहाबारा जण बघत होते. नानांनी कप संपवला, बशी नीट ठेवली आणि चांगला झालाय म्हणाले. हसणं फुटलं तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी हसणाऱ्यांकडे एकदा पाहिलं, हॉटेलवाल्याला नमस्कार केला आणि पुढच्या आळीत गेले. ती निवडणूक ते हरले.

आमदारकी गेली तरी बाटल्या येत राहिल्या, थोड्या कमी. आता मी चाखायची आणि नाना माझ्या गळ्याकडे बघत बसायचे. पहिले काही दिवस मला त्याने घोट गिळणं अवघड जाई.

पाड्यात नळ यायला दोन वर्षं लागली. मथुराबाई बाटली भरून घेऊन आली. कामासाठी नाही, दाखवायला. मी घोट घेतला आणि गिळला. "गोड."

"कुठलं आहे?" नानांनी विचारलं.

मी दुसरा घोट घेतला. "कळत नाही, नाना."

"तेच मी म्हणत होतो," ते म्हणाले, आणि मथुराबाईबरोबर बराच वेळ हसले. मग तिला विचारलं, जुन्या विहिरीकडे कोणी बघतं का. ती म्हणाली, "मी बघतो, नाना. कचरा पडून देत नाय."

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली एक दुपार. रांगेत एक बाटली जास्त होती. चिठ्ठीवरचं अक्षर नानांचं. नाव त्यांचं, गाव त्यांचं, विहीर रहाटाची. काम काय, ती जागा मोकळी. नाना झोपाळ्यावर नव्हते. अर्जदारांच्या बाकावर, शेवटच्या जागेवर बसले होते. वाडीतून रहाटाची करकर येत होती आणि तिच्या पलीकडे शेजारच्या तिन्ही वाड्यांतल्या पंपांचा आवाज.

मी पेला भरला. घोट तोंडात घेतल्याबरोबर समजलं. नाना माझ्या गळ्याकडे बघत होते. तो घोट मी गिळला असता तर त्यांना कधीच कळलं नसतं. ते स्वतः चाखू शकत नव्हते आणि माझ्या शब्दावर त्यांनी शंका घेतली नसती. काकी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी मला मानेने खूण केली. काय खूण केली ते मला कळलं.

मी उठले, ओटीच्या कडेला गेले आणि जास्वंदीच्या मुळाशी थुंकले.

"खारं?" नानांनी विचारलं.

"नाही. मचूळ."

"लिही."

मी लिहिलं. नाना बाकावरून उठले, पायात वहाणा घातल्या आणि मागच्या वाडीत गेले. थोड्या वेळाने करकर थांबली. मी दारातून पाहिलं, तेव्हा निम्म्या केळी अजून शिंपायच्या होत्या, आणि नाना बैलाच्या मानेवरचं जू काढत होते.